भंडारदऱ्याचा हंगाम ठरवतं कोण?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. बाहेरच्या माणसाला नगर म्हटलं की शिर्डी, शिंगणापूर, साखर कारखाने आणि टँकर आठवतात. तरी मे संपत आला की कसारा घाट चढून आलेल्या मुंबईच्या गाड्या घोटीला महामार्ग सोडतात आणि बारीवरून वारंघुशी फाट्याकडे वळतात. त्यांना शेंडी गाठायची असते. शेंडी म्हणजे अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरणाच्या भिंतीजवळचं गाव, समुद्र नसलेल्या या जिल्ह्याची चौपाटी. मक्याची कणसं, बोटी, तंबू, लॉज, गाडी कुठे लावायची यावरून होणारी भांडणं, सगळं काही तिथे आहे. नाशिकहून हे ठिकाण सत्तरेक किलोमीटर, जिल्ह्याच्या मुख्यालयापासून मात्र दीडशेच्या वर. म्हणून नगरकरांपेक्षा मुंबई-नाशिककरच ते जास्त आपलं मानतात.

चौपाटी म्हटलं तरी समुद्रकिनारा आणि हा किनारा यांत मोठा फरक आहे. समुद्राची भरती-ओहोटी चंद्र ठरवतो. भंडारदऱ्याची भरती पाऊस ठरवतो आणि ओहोटी पाटबंधारे खातं. ओहोटी सुरू झाली की पाणी पुन्हा चढायला पुढचा पावसाळा यावा लागतो. इथल्या पर्यटनाचं सगळं वेळापत्रक यातून निघतं. ते समजून न घेता आलेला पाहुणा मग तक्रार करतो: फोटोत धबधबा होता, इथे तर नुसता खडक.

धरण बांधलं ते पर्यटकांसाठी नव्हे. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेला अकोले, संगमनेर, राहुरी करत गोदावरीला मिळते. उगमाकडे पावसाचा धिंगाणा आणि खाली दुष्काळी टापू, अशी तिची स्थिती. सह्याद्रीच्या धारेवरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. तोच ढग डोंगर ओलांडून पूर्वेला जाईपर्यंत रिकामा होतो आणि खालच्या तालुक्यांच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. वरचं पाणी अडवून खाली न्यायचं, हा साधा हिशेब मांडून इंग्रज सरकारने १९१० मध्ये काम सुरू केलं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं आणि त्याला विल्सन डॅम हे नाव पडलं. दगडी बांधणीची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे ११ टीएमसी, म्हणजे जवळपास ३१ कोटी घनमीटर पाणी मावतं. जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचं नाव दिलं गेलं. जुन्या पर्यटनपुस्तिकांतून ‘आर्थर लेक’ म्हणून भेटतो तो हाच. आता शासनाने जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. राघोजी याच तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध त्यांनी बंड केलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. नाव बदललं ते योग्यच झालं. ज्यांच्या डोंगरात हे पाणी साठतं, त्यांचं नाव पाण्यावर नसावं हे विचित्रच होतं.

हंगामाची सुरुवात मात्र पाण्याने होत नाही. ती होते मेच्या अखेरीस, एका किड्यामुळे.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले, माती ओली झाली, हवेत दमटपणा आला की जलाशयाभोवतीच्या गावांत काजवे दिसू लागतात. मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात. अंधार पक्का झाला की एक झाड लुकलुकू लागतं, मग शेजारचं. थोड्या वेळाने सगळ्या झाडावरचे काजवे एकदम पेटतात, एकदम विझतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कुणीतरी कळ दाबतंय असंच वाटतं.

कळ काजव्याच्या पोटात असते. तिथल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश बाहेर पडतो. दिव्याच्या प्रकाशाबरोबर उष्णता येते, या प्रकाशाबरोबर ती नसल्यातच जमा. त्या पेशींपर्यंत प्राणवायू कधी पोचू द्यायचा आणि कधी नाही, यावर काजव्याचं नियंत्रण असतं, म्हणून तो लागतो-विझतो. हा सारा खटाटोप जोडीदारासाठी. नर लुकलुकत निरोप धाडतात आणि त्यांच्याच जातीची मादी बसल्या जागेवरून आपल्या ठेक्यात उत्तर देते. सगळे नर एका तालात का येतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. एकाच वेळी सगळे चमकले की मधल्या अंधारात मादीचं उत्तर नीट दिसतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

आपल्याला जो काजवा दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, अगदी छोटा तुकडा. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळीच्या रूपात मातीत, पालापाचोळ्याखाली काढतो आणि गोगलगायी खाऊन वाढतो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती दोन-तीन आठवडे उरतात. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मादीने ओल्या मातीत अंडी घालायची आणि संपायचं. जूनच्या मध्यावर मोसमी पाऊस धो-धो कोसळू लागला की झाडं अंधारी होतात. म्हणजे ज्याला आपण ‘काजवा महोत्सव’ म्हणतो, तो काजव्याच्या दृष्टीने वर्षातला एकच, घाईचा, चुकला तर पुन्हा न येणारा पंधरवडा असतो.

आणि नेमक्या त्या पंधरवड्यात आपण हेडलाइट लावून तिथे जातो. गाडीच्या उजेडाच्या झोतात मादीला नराचा निरोप दिसत नाही, नराला मादीचं उत्तर दिसत नाही. मोबाइलचा फ्लॅश मारून काजव्याचा फोटो काढणाऱ्याला तर काय म्हणावं? ज्याचा उजेड टिपायचा त्याच्यावरच आपला उजेड टाकायचा! झाडाखाली तुडवली जाणारी माती हाही भाग आहेच, कारण अंडी आणि अळ्या तिच्यातच असतात. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. वन खातं प्रवेशाची वेळ, वाहनं, उजेड यांवर निर्बंध घालतं. काही गावांतली पोरं स्वतः वाटाड्या होऊन ते पाळायला लावतात. तरी शनिवारी रात्री घाटघरच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा झाडांपेक्षा टेललाइटच जास्त चमकत असतात.

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानातही असेच तालात चमकणारे काजवे आहेत. तिथे त्या काही रात्रींसाठी सोडत काढतात आणि ज्यांचं नाव निघेल त्यांच्याच गाड्यांना प्रवेश देतात. आपल्याकडे सोडत म्हटलं की लोक म्हाडाचं घर समजतील. पण भंडारदऱ्याला कधीतरी हे करावं लागेल असं मला वाटतं, आणि जितक्या लवकर करू तितकं बरं.

अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीने वेगळी वाट धरली आहे. ग्रासरूट्स या संस्थेच्या साथीने या आदिवासी गावाने बऱ्याच वर्षांपूर्वी पाहुण्यांना घराघरांत उतरवायला सुरुवात केली. काजव्यांच्या दिवसांत तिथे जायचं तर गावातल्या कुणाच्या तरी घरी जेवायचं, गावच्याच वाटाड्याबरोबर चालत निघायचं. पाहुणे किती घ्यायचे हे गावातल्या चुली आणि अंथरुणं ठरवतात. त्यामुळे पैसा गावात राहतो आणि गर्दीला आपोआप लगाम बसतो.

काजवे गेले की पाऊस. जुलैत नगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट येते: भंडारदरा, घाटघर, पांजरे, रतनवाडी, वाकी, प्रत्येकापुढे कालच्या पावसाचे मिलिमीटर, आणि खाली धरणाचा साठा दलघफूमध्ये. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. असे ११,०३९ झाले की धरण काठोकाठ. संगमनेर-श्रीरामपूरकडचा शेतकरी ही चौकट क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरणार की नाही, हा दरवर्षीचा चावडीवरचा विषय. भरलं की ऊस लावायचा, नाही भरलं तर हात आखडायचा.

पर्यटकाला यातलं काही ठाऊक नसतं, पण गर्दी त्याच तारखेला होते. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आणि भरलेलं धरण यांची गाठ पडते. सांडव्यावरून पाणी सुटलेलं असतं, भिंतीजवळ व्हॉल्व्हमधून सुटलेलं पाणी गोलसर खडकावरून छत्रीसारखं पसरत खाली येतं. तोच अम्ब्रेला धबधबा. तो निसर्गाचा नव्हे, चावीचा धबधबा आहे. चावी फिरवली की असतो, बंद केली की नसतो. धरणाच्या खाली दहा-अकरा किलोमीटरवरचा रंधा धबधबा खरा, नदीचा. पण त्याच्याही डोक्यावर धरण असल्यामुळे त्याचा जोर वरून पाणी किती सोडलं यावर अवलंबून. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या कठड्याशी उभं राहिलं की तुषारांनी माणूस भिजून निघतो. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडायचं आवर्तन चालू नसेल तर तिथे काळा कातळ आणि घोरपडा देवीचं देऊळ पाहून परतावं लागतं.

पावसाळी गर्दीच्या दिवशी जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर पोलीस एकेरी वाहतूक करतात. त्याच रस्त्याच्या कडेला भाताची आवणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायका, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आणि बांधावर उभं राहून त्यांचं चित्रीकरण करणारे पाहुणे. विचारल्याशिवाय कुणाच्या शेतात पाय ठेवू नये, हे सांगावं लागू नये. पण सांगावं लागतं. रोप तुडवलं गेलं तर त्या खाचरात ते पुन्हा लावायला उरलेलं नसतं.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहायला हेच दिवस चांगले. हेमाडपंती धाटणीचं हे दगडी देऊळ कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. शेजारी देखणी पुष्करणी आहे आणि मागे रतनगडाचा कातळ ढगात जात-येत असतो. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, तेव्हा आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतली माणसं येतात आणि पर्यटक जवळजवळ नसतात. देऊळ देवळासारखं पाहायचं असेल तर मला तो दिवस जास्त आवडेल.

साम्रदची सांदण दरी मात्र पावसाळ्यात वर्ज्य. जमिनीला पडलेली ही चीर सुमारे दोन किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्हीकडे दगड लागतो. वर कुठेतरी सर कोसळली की पाण्याचा लोंढा याच चिरेतून कोकणाकडे झेपावतो. आतल्या माणसाला पळायला जागा नाही. आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी वगैरे फलकांवर वाचायला मिळतं. कुणी मोजली, कशाने मोजली, देव जाणे. क्रमांक न लावताही ती अचाट आहे. नोव्हेंबर ते मे या काळात, गावातला माणूस बरोबर घेऊन जावं.

भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरतो, पठारांवर सोनकी पिवळी होते, तेरडा गुलाबी. हा फुलांचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा आणि त्याची जाहिरात कमी, म्हणून तो अजून वाचलेला आहे. पाठोपाठ नवरात्र. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ आहे. एरवी शनिवारी रात्री टॉर्च घेऊन चढणाऱ्या शहरी ट्रेकरांचा हा डोंगर नवरात्रात पुन्हा भाविकांचा होतो. पायथ्याच्या बारीतून पहाटे निघालेल्या म्हाताऱ्या बायका अनवाणी लोखंडी शिड्या चढतात आणि महागडे बूट घातलेल्यांना मागे टाकतात.

मग थंडी आणि तंबू. नोव्हेंबरपासून पाण्याच्या काठाला रंगीत तंबू लागतात, एकतीस डिसेंबरला त्यांचा पूर येतो. शेकोटी, बार्बेक्यू, स्पीकर. काही ठिकाणी व्यवसाय गावातल्या तरुणांचा आहे, काही ठिकाणी जागा गावची आणि गल्ला बाहेरच्याचा. निवड करणं पाहुण्याच्या हातात असतं: तंबू कुणाचा, जेवण कुणी रांधलं, एवढं बुकिंग करताना विचारायला काही लागत नाही. जेवणात नाचणीची भाकरी, ठेचा, इथला वासाचा काळभात मिळाला तर पनीर टिक्का मागवू नये. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावरान बियाणी जपली, म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. ती बियाणी टिकायची तर ताटात ती मागणारे लोक लागतात.

तंबूवाल्याला दरवर्षी एक कसरत करावी लागते आणि ती पाहण्यासारखी असते. ऑक्टोबरात ज्या झाडाखाली त्याचा पहिला तंबू पाण्याला लागून असतो, त्या झाडापासून पाणी जानेवारीत बरंच खाली गेलेलं असतं. मग तंबू उतारावरून खाली, मग आणखी खाली. याचं कारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या उसात आहे. रब्बीचं आवर्तन सुटलं की भंडारदऱ्याचं पाणी आधी खालच्या निळवंडे धरणात येतं, तिथून नदीने ओझरच्या बंधाऱ्यावर आणि मग प्रवरेच्या दोन कालव्यांतून शेतांत. लोणीला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना या पाण्याचंच अपत्य. निळवंड्याचे स्वतंत्र कालवे पुरे व्हायला पिढ्या गेल्या. डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं. त्याच वर्षी पाऊस कमी झाला, समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्याने वरच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणासाठी साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला आणि त्यात प्रवरेच्या धरणांचाही वाटा होता. अशा वर्षी किनारा दिवाळीनंतरच पळू लागतो.

उन्हाळ्यात तो जास्तच वेगाने पळतो, त्याचं कारण भूमितीत आहे. दरी वर रुंद, खाली अरुंद. नोव्हेंबरात एक टीएमसी पाणी गेलं तर पातळी जेवढी उतरते, त्यापेक्षा एप्रिलात तेवढंच पाणी गेल्यावर ती कितीतरी जास्त उतरते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्याला पाण्यापर्यंत पोचायला भेगाळलेल्या गाळावरून लांब चालावं लागतं.

याच भूमितीत एक धोका दडलेला आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळू हळूहळू खोल होत जाते, पाणी कमरेला लागलं की माणूस थांबतो. धरणाचा काठ हा बुडालेल्या डोंगराचा उतार. गुडघाभर पाण्यातून पुढचं एक पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडू शकतं, त्यात पायाखाली निसरडा गाळ. पट्टीचे पोहणारेही अशा ठिकाणी फसतात. बोटीत बसावं, जीवरक्षक जाकीट घालूनच बसावं. धरणात पोहू नये. इथे जीव वाचवायला शिट्टी घेऊन कुणी उभं नसतं.

येणारे बहुतेक मुंबई-पुणे-नाशिकचे. ज्यांच्या शेतात, नळात आणि साखरेत हे पाणी जातं, त्या संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीतल्या कित्येकांनी ही भिंत पाहिलेली नसते. १० डिसेंबर २०२६ हा तिच्या शंभरीचा दिवस. जिल्ह्यातल्या शाळांनी त्या वर्षीची सहल दुसरीकडे न काढता भंडारदऱ्याला काढावी. डिसेंबरात काजवे नसतील, धबधबे बारीक झालेले असतील, पण आपल्या पाटाचं पाणी येतं कुठून आणि त्याच्या काठावर राहणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हे मुलांना रतनवाडीच्या माणसांना विचारता येईल.